डिस्कच्या कडेची नावं

पेठ रोड, नाशिक

प्रिय किशोर,

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. डिस्कवर स्टिकर लावायची कल्पना तुझी होती, असं मी लिहिलं होतं. तसं नाही. कल्पना माझी होती. स्टिकरवर काय छापायचं, तेवढं तू सांगितलंस. रागाच्या भरात तुझ्या वाट्याला थोडं जास्त आलं. आता ज्याचं त्याच्याकडे आहे, तेव्हा पुढचं लिहायला हरकत नाही. फोनवर हे जमत नाही. फोनवर तू बोलतोस, मी हं म्हणत राहते, आणि फोन ठेवल्यावर मला कळतं की मी कशाला तरी हो म्हणून बसले.

बातमी अशी की मी नवा प्रिंटर घेतला. घरात एक असताना दुसरा कशाला, असं तू म्हणशील. आहे तो लेझरचा, कॉलेजच्या पोरांचे प्रबंध टाइप करून छापायला बरा. त्यात डिस्क घालता येत नाही, स्टिकरचा कागद छापून वर चिकटवावा लागतो. स्टिकर केसभर सरकला की डिस्क फिरताना थरथरते, आणि उन्हाळ्यात कडा सुटून प्लेअरमध्ये अडकते. मार्करने हाताने लिहावं, तर अक्षर जाड येतं आणि चार शब्दांत जागा संपते. राहिला तो ट्रेवाला, शाईचा. पांढऱ्या पाठीची डिस्क ट्रेवर ठेवायची, ट्रे आत सरकवायचा, अक्षरं थेट डिस्कवर उमटतात. एम. जी. रोडवरच्या अबरारभाईंकडे असा एकच होता, मागे पडलेला, खोक्यावर धूळ. ते म्हणाले, डिस्कचा जमाना गेला ताई, पेनड्राइव्ह घ्या, नाव लिहून वर दोरा बांधा. मी म्हटलं, तुमच्या या डिस्कवर एकदा भरलेलं कुणाला मागाहून कापता येत नाही, म्हणून डिस्कच हवी. मग मी दुकानातच नमुना छापून बघायचा हट्ट धरला, कडेने गोल, अगदी बारीक अक्षरांत. पहिली डिस्क मी ओलीच हाताळली आणि शाई फरफटली. दुसरी पंख्याखाली ठेवून आम्ही चहा प्यायलो. एवढं बारीक वाचणार कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुणी वाचो न वाचो, तिथं असायला हवं.

तुला कळलंच असेल मी कशाबद्दल बोलते आहे. तरी नीट लिहिते, कारण तू सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतोस.

गेल्या दिवाळीनंतर आपल्या अंगणात बाने कणसरीची, धान्याच्या देवीची, कथा सांगितली. आपल्या असं म्हटलं, कारण तेव्हा आपलं लग्न ठरलेलं होतं आणि तू आमच्या ओट्यावर घरच्यासारखा बसायचास. कथेच्या साथीला वाजवायच्या थाळीवर त्याने मेणाने काडी उभी केली, आईने दिव्यात तेल घातलं, आणि माझा फोन उखळावर ठेवून मी रेकॉर्डिंग सुरू केलं. बा सुरुवातीला नेहमीसारखी नावं घेत गेला. ज्याच्याकडून कथा शिकला तो ठमाजी, ठमाजीला सांगणारा, त्याच्या आधीचा, प्रत्येकाचं गाव, नदी, मग सगळ्यांकडे परवानगी. आमच्या खोऱ्यात याच्याशिवाय कुणी कथेला हात घालत नाही. ज्याने नावं घेतली नाहीत त्याची कथा चोरीची, हे तुलाही लहानपणापासून ठाऊक आहे. तू कुठला परका नाहीस. डोंगराच्या पलीकडचंच तुझं गाव. परका असता तर मी हे पत्र लिहिलं नसतं, त्याला माहीत नव्हतं म्हणून सोडून दिलं असतं.

तू ते रेकॉर्डिंग तुझ्या संशोधनासाठी पुण्याला नेलंस, आणि डिस्क घेऊन आलास तेव्हा ती थेट कथेपासून सुरू होत होती. मी विचारलं तर म्हणालास, "नावं ऐकत कोण बसतं, ज्योत्स्ना? लोकांना गोष्ट हवी असते." मी तेव्हा वाद घातला नाही. शिकलेल्या माणसाला जास्त कळत असेल असं मला वाटलं, आणि मी स्वतः शिकलेली आहे हे मी विसरले. स्टिकर तुझ्या मजकुराप्रमाणे छापून दिले. संकलन आणि संशोधन, खाली तुझं नाव. स्वर, पारंपरिक.

त्यातली एक डिस्क तू मोठ्या प्रेमाने आमच्या गावच्या मास्तरांना दिलीस. मास्तरांनी ती शाळेच्या ओट्यावर लावली, सगळी आळी ऐकायला बसली. ठमाजीचा मुलगा गेणूकाका पुढेच होता. कथा सुरू झाली आणि तो बाच्या तोंडाकडे बघायला लागला. थोडा वेळ वाट पाहिली त्याने, नावं पुढे येतील म्हणून. मग उठला आणि चप्पल घालून गेला. जाताना बाचं नाव घेऊन एवढंच म्हणाला, "मोठा झाला चंदर. आता त्याला माझा बा लागत नाय."

बाने त्या दिवशी मला डिस्कवरचं वाचायला सांगितलं. घरात वाचणारी मी एकटीच. बदलून वाचता आलं असतं. मी आहे तसं वाचलं. स्वतःचं नाव नाही याचं त्याला काही वाटलेलं दिसलं नाही. तो म्हणाला, "मी तर सगळ्यांची नावं घेतली व्हती. तू व्हतीस ना तिथं?" मी हो म्हटलं.

त्यानंतर बाला कुणी कथेला बोलावलेलं नाही. गेणूकाकाच्या घरी मयताचं दिवसकार्य होतं, थाळीवाला त्यांनी दुसऱ्या गावाहून आणला. बाने ते ऐकलं, थाळीवरचं मेण खरवडून काढलं, आणि आता आई त्या थाळीत त्याला नागलीची भाकरी वाढते. तो मुकाट्याने जेवतो. मी गावी गेले की त्याच्या समोर बसून मला जेवता येत नाही. हे मी तुला डिसेंबरात सांगितलं तेव्हा तू म्हणालास, गावाकडचे लोक असेच, महिनाभराने विसरतील. आमचं विसरणं तू किती सहज धरून चाललास.

मागच्या आठवड्यात तुझा निरोप आला. पुण्याच्या लोककथा संग्रहाला डिस्क द्यायच्या आहेत, लेबलं तूच कर, तुझा हात सफाईचा आहे, आणि हवं तर माझ्या नावाखाली 'साहाय्य' म्हणून तुझंही टाक. त्या निरोपात बाचं नाव कुठेच नव्हतं. मी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला, नजरचुकीने माझ्याकडूनच सुटलं असेल म्हणून. सुटलं नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी मी अबरारभाईंकडे गेले.

लेबलं झाली आहेत. मधे बाचं नाव, चंदर, आणि आमचं गाव. कडेने ठमाजीपासून मागे सगळे, ज्या क्रमाने बाने घेतले त्याच क्रमाने. पूर्ण रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. मी कुठलीच फाइल पुसत नाही, यावरून तू मला खूप हसला आहेस. तुझं नाव त्यावर नाही, माझंही नाही. बाला विचारून एक डिस्क मी कालच संग्रहाला पाठवली आणि तुझ्याकडची कापलेली आहे असं सोबत लिहिलं.

हे पत्र मात्र त्यासाठी नाही. द्राक्षाच्या मळ्यांवर गेलेली माणसं होळीला परत येत आहेत, ओटा भरलेला असेल. मास्तरांशी बोलले आहे. तुझे वडीलही येतील, त्यांना मीच निरोप धाडला. गेणूकाकाला बोलवायला मी स्वतः त्याच्या दारात जाणार आहे. सगळ्यांसमोर मी डिस्क पहिल्या नावापासून लावीन. नावं कुणी कापली असं कुणीतरी विचारेल, तेव्हा मी तुझं नाव घेईन, आणि आपलं ठरलेलं मोडलं हेही तिथेच तुझ्या वडिलांना सांगेन. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून आधी लिहिलं. यायचं असेल तर ये, माझी ना नाही. येत्या रविवारी, १ मार्चला.

आजवर तुझीच होती ती,
ज्योत्स्ना