शेवंती माझ्या दारात

शुक्रवार, दुपार

प्रिय ईंगा,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस, बसून वाच. गेल्या रविवारी चर्चची फुलं माझ्या घरी आली. माझ्या! तू याच बेटावर वाढलीस, त्यामुळे याचा अर्थ तुला फोड करून सांगायला नको. मी अजूनही त्या धक्क्यातून सावरलेले नाही, आणि त्यावर दुसरा बसला आहे. पण सगळं क्रमाने सांगते, नाहीतर माझंच डोकं फिरायचं.

रविवारची उपासना आटोपली, की प्रभुभोजनाच्या मेजावरची फुलं उतरवायची, वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि ज्या घरात आजार सगळ्यांत जड झाला आहे त्या घरी पोचवायची, हे काम वर्षानुवर्षं माझं. बाळ झालं तर आपली मंडळी विणलेली शाल पाठवते, लग्न झालं तर चादरी. फुलं मात्र एकाच गोष्टीला. त्यामुळे मी ती घेऊन रस्त्याला लागले की खिडक्यांचे पडदे हलतात, आणि मी ज्या घरावरून पुढे जाते त्या घरातली माणसं सुटकेचा श्वास टाकतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. दुकानदार विली तर तोंडावर म्हणायचा, "मेरन, आमच्या फाटकापाशी बुटाची नाडी बांधायलासुद्धा थांबू नकोस हं." आणि तू तरी काय कमी होतीस? तुझ्या बाबांच्या, मॅग्नसच्या, आजारात मी पिवळी शेवंती घेऊन तुमच्याकडे आले. तुझ्या आईने, थोराने, ती बादलीत ठेवली, आणि तू, एवढीशी पोर, ती गुपचूप गोठ्यात नेऊन वासराला घातलीस. फुलंच राहिली नाहीत तर बाबा मरणार नाहीत, असा तुझा हिशेब. वासराचं पोट बिघडलं, मॅग्नस अंथरुणात हसून हसून दमला, आणि तरीही महिन्याभरात आपण त्याला टेकडीवर पोचवून आलो. त्यानंतर कितीतरी दिवस मला बघितलं की तू रस्ता बदलायचीस. मला त्याचा राग कधीच आला नाही.

तर गेला रविवार हंगामाच्या आभाराचा होता. तुला आठवतंच, त्या दिवशी चर्चच्या खिडक्यांत सलगम, बटाटे, जवाच्या पेंढ्या मांडतात आणि आपण सगळे घसा मोकळा करून देवाचे आभार मानतो. मला खोकला झाला होता, म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा तो रविवार चुकवला आणि फुलांचं काम तुझ्या आईवर टाकलं. पंधरवड्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासायला घेतलं होतं, ते मी विसरूनही गेले होते. दुपारी सूप गरम करत होते, तोच दारावर थाप पडली. बघते तर एरिक फ्लेट. चर्चच्या मंडळीचा वडील म्हणून कारभार बघत असला तरी तो गायींशी बोलतो तेवढंही माणसांशी बोलत नाही, हे तुला माहीत आहे. टोपी काढून उभा! एरिकचं टक्कल मी प्रार्थनेत आणि पुरण्याच्या वेळी सोडून कधी पाहिलेलं नाही. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली पिवळी शेवंती. मला वाटलं, माझ्यावरचं काम घेऊन आला आहे. म्हटलं, "कुणाकडे पोचवायची रे?" तर म्हणाला, "तुझ्याकडे." एवढं बोलून फुलं माझ्या हातात कोंबली आणि चिखलातून तरातरा निघून गेला. वळूनसुद्धा पाहिलं नाही मेल्याने.

सूप करपलं ते मला वासावरून कळलं. मी खुर्चीत बसले आणि समोर ती फुलं. मनात एकच: रक्ताचा निकाल आला आहे. डॉक्टरीणबाईंनी एरिकला सांगितलं, एरिकने मंडळीला सांगितलं, सगळ्या बेटाला ठाऊक आहे, फक्त मला नाही. इतक्या घरांत फुलं नेली, पण घेणाऱ्याला कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. ती फेकून द्यावीशी वाटतात गं. आणि वर "थँक्यू" म्हणायचं असतं.

सोमवारपासून तर कहरच झाला. सकाळी फाटक उघडायला गेले, तर ते करकरलं नाही. कुणीतरी बिजागरीला तेल घालून गेलं होतं. दारात फडक्यात बांधलेल्या जवाच्या भाकऱ्या, अजून गरम. दुपारी विली स्वतः दुकान सोडून कोळशाची गोणी घेऊन आला आणि पैसे घेईना. विली! उधारीवर काडेपेटी न देणारा माणूस! जाता जाता जमिनीकडे बघत म्हणाला, "मेरन, तू... म्हणजे शेजारीण म्हणून तू बरी आहेस." आपल्याकडे माणसाला बरं म्हणतात ते त्याच्या थडग्यापाशी, त्याआधी नाही. मंगळवारी आणखी भाकऱ्या, रूबार्बचा मुरंबा, आणि चर्चमध्ये माझ्या सुरांना आयुष्यभर नावं ठेवणारी ती पेटीवाली क्लेमिना सांगून गेली, की रविवारी मी नव्हते तर गाणं पोकळ वाटलं. ती गेल्यावर मी आरशात जीभ काढून पाहिली. मला वाटायला लागलं, नाताळही दिसत नाही आता.

शेवटी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मेरनबाई, रक्तात लोह थोडं कमी आहे. कलेजी खा, खोकल्याला मध घ्या." मी म्हटलं, "बाई, मी लहान नाही, खरं काय ते सांगा." तर म्हणतात, "तुमच्याशी खोटं बोलायची छाती आहे का माझी?" माझा विश्वास बसला नाही. फुलं खोटं बोलत नाहीत. मग काय, मी आवराआवर काढली. कोंबड्या कुणाला, चिनीमातीच्या बरण्या कुणाला, चर्चच्या फुलदाणीची चीर पडलेली बाजू भिंतीकडे कशी वळवायची, हे सगळं तुझ्या आईला बजावून सांगत बसले. ती रोज येत होती. टेबलापाशी कोट न काढता बसायची, माझं ऐकायची आणि मधूनच तिचे ओठ थरथरायचे. मला वाटायचं, बिचारी रडू आवरते आहे. ईंगा, ती हसू दाबत होती! बुधवारी तर मी माझ्या प्रेतयात्रेतली गाणी सांगायला लागले तेव्हा खोकल्याचं निमित्त करून बाहेर पळाली. कोट तिच्या अंगावर हँगरवर टांगल्यासारखा दिसत होता, तेही मी पाहिलं. पण मरणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा कोट कुठे दिसतो? मी आपल्या मरणात अगदी रमले होते.

काल सकाळी मात्र माझा संयम सुटला. गमबूट चढवले आणि थेट एरिकच्या गोठ्यात. तो दूध काढत होता. म्हटलं, "एरिक फ्लेट, मंडळीचा वडील आहेस, देवाला साक्षी ठेवून सांग. किती दिवस राहिले माझे?" बादली कलंडली. "कुणाचे? तुझे?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "अगं बये, तू आम्हा सगळ्यांना पुरून मग वरून नावं ठेवत बसशील!" मग फुलं कशाला, असं दरडावल्यावर तो कानापर्यंत लाल झाला. गायीच्या पाठीआडून, तुकड्या तुकड्यांत, जे बोलला ते असं. रविवारी त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, या आठवड्यात फुलं कुणाकडे. आणि तुझी आई उभी राहिली. थोरा! चारचौघांत आपलं नाव सांगतानाही जिचा आवाज फुटत नाही, ती. म्हणाली, "मेरनकडे द्या. आजारी म्हणून नाही. जन्मभर ती सगळ्यांकडे नेते आहे, तिच्याकडे कुणी एक काडी नेली नाही. आपण सलगमांसाठी देवाचे आभार मानतो आणि तिचे मानायला आपली जीभ रेटत नाही." आणि खाली बसली. कुणाला मान वर करवेना. "बोलायला हवं होतं गं आम्ही," तो गायीला म्हणाला, "पण कसं बोलतात ते ठाऊक नाही. म्हणून मग ते तेल आणि भाकऱ्या."

ईंगा, मी गोठ्यात उभ्या उभ्या रडले. इतके दिवस स्वतःच्या मरणासाठी एक टिपूस काढलं नव्हतं, आणि भाकऱ्यांसाठी ढसाढसा रडले. आभार मानले म्हणून मरणार असं समजणारी माणसं जगाच्या पाठीवर दुसरी नसतील. मी डोळे पुसले आणि एरिकला चिडवायला म्हणून म्हटलं, "मग माझ्यापायी या रविवारी कुणा खऱ्या आजाऱ्याची फुलं चुकली रे?" मी अगदी सहज म्हटलं होतं. त्याने हळूच टोपी काढली.

मग मला थोराचा तो ढगळ कोट डोळ्यांसमोर दिसला. ऑगस्टमध्ये थोरा दातांसाठी म्हणून मोठ्या बेटावर गेली होती आणि दोन रात्री राहून आली होती, ते दिसलं. दातांना दोन रात्री कशाला लागतात, असं मी तेव्हा विचारलंसुद्धा होतं. मी धावतच तुमच्या घरी गेले. या वयात धावले. ती स्वयंपाकघरात सलगम सोलत बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "सांगितलं वाटतं एरिकने." मी म्हटलं, "त्याने तोंड उघडलं नाही. टोपी काढली." ती म्हणाली, "त्या टोपीला काही पोटात ठेवता येत नाही." आणि हसली. मी तिच्यावर ओरडले गं. तुझी फुलं होती ती, मला का दिलीस, म्हणून ओरडले. ती म्हणाली, "मला ती मिळाली असती तर सगळे माझ्याकडे बघायला लागले असते. तुझ्याकडे बघू देत म्हटलं. आणि मेरन, तुझा तो चेहरा बघायला मिळाला, मॅग्नसनंतर मी एवढी कधी हसले नव्हते." मग आम्ही दोघींनी मिळून सलगम सोलले. दुसरं काय करणार?

तुझ्या आईच्या पोटात आहे ते, आणि पसरलं आहे. तू नर्स आहेस, तुला यापुढचं मी सांगायला नको. डॉक्टरीणबाई नाताळापर्यंत म्हणतात, फार तर थोडं पुढे. एरिक आणि त्या सोडल्या तर कुणाला माहीत नव्हतं. दर रविवारी फोनवर "मी ठणठणीत आहे" असं ती तुला सांगते तेव्हा भिंतीला टेकून उभी असते. मला तिने वचन द्यायला लावलं, की तुझ्यापाशी तोंडातून एक शब्द काढायचा नाही. "तिचं आत्ता कुठे तिथे बस्तान बसलं आहे. उन्हाळ्यात येणारच आहे ती," म्हणाली. उन्हाळा, ईंगा! मी वचन दिलं. तू मला ओळखतेस, मी दिलेला शब्द मोडत नाही, म्हणून तुला फोन केलेला नाही. तोंडातून शब्द काढलेला नाही. पण मी निघाले तेव्हा तुझी आई दारापर्यंत आली, चौकटीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "टपाल परवाच्या बोटीने जातं हं. शनिवारी दुपारी." मी या बेटावर जन्मले, टपाल कधी जातं ते मला सांगावं लागत नाही, आणि हे तिला माहीत आहे. या बाईने आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही. हे तिचं मागणं होतं. आजवर इतक्या दारांत मी फुलं नेली, पण तुझ्या दारापर्यंत चालत यायचं तर मध्ये सगळा समुद्र आहे, म्हणून हे पत्र म्हणजे तीच फुलं समज. या वेळी वासराला घालू नकोस, पोरी. निघून ये.

तुझीच,
मेरन मावशी