सोळावी सवाष्ण

११ मे १९७४, शनि.
शाळेला सुट्टी लागून आठ दिवस. घरात बसवत नाही, पत्रे तापतात. संध्याकाळी तात्यांकडे मंडळाची बैठक. महाराजांच्या राज्याभिषेकाला तीनशे वर्षं. सगळं शहर करतंय, मग शुक्रवार पेठ मागं राहील होय? २ जूनचा रविवार धरला, लोकांना सुट्टी. महाराज कोण, तर तात्यांचा धाकटा भाऊ. चिलखत पोटावर बसेल का, हे कुणी विचारलं नाही. अध्यक्षांचा भाऊ ना! घोडी टांगेवाल्याची. मारुतीच्या देवळापुढे सोळा सवाष्णी ओवाळणार. त्या निवडणार तात्यांची बायको, म्हणजे काकू.
मला म्हणाल्या, "बाई, यादी तुम्ही लिहा, अक्षर मोत्यासारखं तुमचं. ताटांना मात्र हात नका लावू हं."
चौदा वर्षं झाली ह्यांना जाऊन. माझ्या बांगड्या ह्याच काकूनं फोडल्या, पाट्यावर हात दाबून धरून. आणि वर हं म्हणते.

१४ मे, मंगळ.
पंधरा नावं झाली. सोळाव्यावर अडलं. माझ्या समोरच्या खोलीतली शालन. वैरागकडची, विड्या वळते. नवरा दत्तू दुष्काळात रायचूरला गेला, सरकीच्या गिरणीत हमाल. आधी पत्रं यायची, मीच वाचून दाखवायची. दीड वर्ष झालं, काही नाही. ही रोज रुपयाएवढं कुंकू लावते.
काकू: "तो आहे का गेला, कुणाला ठाऊक? महाराजांच्या औक्षणाला असलं संशयाचं कुंकू नको बाई."
शालन उभीच राहिली. "हाय. माजं मन सांगतंय, हाय."
"मन घरी ठेव. त्याचं पत्र दाखव."
मी यादीत सोळावा आकडा घातला, पुढं जागा कोरी सोडली.

१५ मे
उजाडायला शालन दारात. "बाई, दोन वळी लिवा की. खुशाल हाय येवढंच कळवा म्हनावं. सोळात उबी ऱ्हायले न्हाय, तर उद्यापास्नं समदी पेठ मला रांडव म्हनंल." रडत होती. कार्ड लिहिलं. तिला वाचता येत नाही, म्हणून उत्तराचा पत्ता माझा घातला.
ही तीच शालन. कामावर निघताना मी बोळात दिसले की दोन पावलं मागं जाते, मी आत जाईपर्यंत थांबते. पांढऱ्या कपाळाचा अपशकुन. कार्ड लिहायला मात्र मी चालते. लिहिताना हे मनात होतं. इथं खोटं कशाला लिहू.

२३ मे, गुरु.
रेल्वेचा संप, टपाल रखडलंय. शालन दिवसातून तीनदा विचारून जाते. काकूंनी सोळाव्या जागेला आपली भाची तयार ठेवली आहे.

२८ मे, मंगळ.
आलं. पोस्टमननं खाली मान घालून, दोन बोटांत धरून दिलं. कोपरा फाडलेला. कोण गेलं ते वाचायच्या आधीच कळलं.
दत्तू माघात वारला. कावीळ. गिरणीतल्या कुणा हमालानं लिहिलंय. क्रियाकर्म आम्हीच केलं, घरचा पत्ता कुणाकडं नव्हता, तुमच्या कार्डानं कळला. त्याची वळकटी पडून आहे, न्यायला या.
असलं कार्ड वाचलं की फाडून टाकतात, उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. मी ट्रंकेत ठेवलं. शालन कारखान्यात होती, यायला दोन तास. तेवढा वेळ ट्रंकेवरच बसून होते.

२९ मे, बुध.
सांगितलं नाही. काल ती आली तेव्हा जीभच उचलली नाही, हे खरं आहे. आज मात्र चांगली उचलली.
बैठकीत काकू, भाचीला शेजारी घेऊन: "काय गं शालन, आलं का तुझ्या दत्तूचं पत्र?"
मी म्हणाले, "आलं. माझ्याकडे आलं काल. खुशाल आहे. कामाच्या रगाड्यात लिहायला झालं नाही म्हणतो."
शाळेतली बाई बोलली, मग कार्ड कोण मागणार? काकूंचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. बरं वाटलं. फार बरं वाटलं मला.
शालननं सगळ्यांदेखत माझ्या पायांवर डोकं ठेवलं. पाय मागं घ्यायला हवे होते, घेतले नाहीत.

३० मे
दया आली म्हणून केलं का? एक दिवस मिरवू दे बिचारीला, असं मनाशी म्हणून बघितलं. पटलं नाही. जिला माझा हात ताटाला चालत नाही, तिच्या दिराला विधवा ओवाळणार, आणि हे पेठेत एकटीला मला ठाऊक. एवढंच आहे ते. आणि शालन? नंतर तिलाही कळू दे, बोळात कुणी आपल्याला बघून मागं सरलं की कसं
पुरे.

२ जून, रवि.
झालं. ऊन मी म्हणत होतं. घोडी भोंग्याला बुजली. घामानं दाढी सुटली, तात्यांच्या भावाच्या एका हातात लगाम, एका हातात दाढी. तरी जयजयकार झाला तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. माणूस कसाही असो, नाव महाराजांचं होतं. मी देवळाच्या खांबामागं. आम्हा चौघी-पाचजणींची जागा तीच.
भोंग्यावर माझी यादी वाचली. "सौ. शालन" म्हटल्यावर ती पुढं आली. हातभर हिरव्या बांगड्या. ताट जराही हललं नाही. ओवाळून झाल्यावर काकूंनी स्वतः तिला कुंकू लावलं. "अखंड सौभाग्यवती हो."
मला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबला. शेजारची म्हणाली, "बाईंना भरून आलं बघा."

४ जून, मंगळ.
शालन विड्या वळताना गाणी म्हणते. कार्ड मागायला आली, देव्हाऱ्यात ठेवायला. म्हटलं, मंडळात जमा केलं.
सकाळी बोळात समोरासमोर आलो. मागं गेली नाही. हसून म्हणाली, "आता तुमचं त्वांड बगूनच निगनार रोज. माजं समदं तुमच्यामुळं झालं."
थोबाडीत दिली असती तर चाललं असतं. सांगायचंच म्हणून तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर चहा घेतेस का. घेतला तिनं.

८ जून, शनि.
शालन रायचूरला निघाली! कारखान्यात रजा टाकून. "त्यांनी बोलावलं न्हाय, पर मीच जाते. म्हाराजांस्नी ववाळलं ते सांगते. पत्ता लिवून द्या."
लांब आहे म्हटलं. तिकडं कानडी बोलतात म्हटलं. "मग काय झालं? मला त्वांड हाय की."
औक्षणाचा मिळालेला खण माझ्यापुढं ठेवला. "तुमी शिवा चोळी. मला काय, ते नवा घेतील." नको म्हणायचं होतं. घेतला.
पत्ता लिहून दिला. चुकीचा लिहावा असं वाटलं होतं, मग बरोबर लिहिला. तिथं कुणीतरी सांगेलच. माझ्या तोंडून नको, बस. एवढी भित्री मी कधी झाले?
एस. टी. स्टँडवर पोचवायला गेले. खिडकीत बसली होती. कुंकवाला धक्का लागू नये म्हणून पदरानं घाम नुसता टिपत होती. गाडी हलली तरी हात हलवत होती. येताना भाजी घेतली.

१८ जून, मंगळ.
शाळा सुरू. पहिलीत बावन्न पोरं.
दहा दिवस झाले, समोर कुलूप. पत्र नाही. आलं तरी माझ्याच पत्त्यावर येणार. पोस्टमन बोळात वळला की मी मोरीत जाऊन उभी राहते.
संध्याकाळी तात्यांकडे मंडळाचे पेढे. काकू सगळ्यांना म्हणाल्या, "आपली शालन रमली गं नवऱ्यात! आता कसली येतेय ती!" बायका खो खो हसल्या. मीही हसले.