ओळखीचे संदर्भ

मॅडम, कॉलेजच्या वेबसाइटवर तुमच्या आठवणींचं पान करणार आहेत. तुमच्या हाताखाली पीएच.डी. केली म्हणून माझ्याकडे चार ओळी मागितल्यात. तिथे देण्यासारखं माझ्याकडे काही नाही, म्हणून हे तुम्हालाच लिहिते.

खांदेश्वरचं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही कोळंबी सोलताय, मी ओट्याशी उभी राहून लॅपटॉपवरून एकेक संदर्भ वाचतेय आणि प्रत्येक नावाला तुमचा एकच प्रश्न, "कोण हा?" महापेच्या नाल्यातल्या गाळात पारा किती, हा माझा विषय. गाळ ओव्हनमध्ये तापवून वाळवला तर पारा उडून जातो, असं दाखवणारा एक प्रबंध मला नेटवर सापडला होता, मराठवाड्यातल्या कुठल्याशा लहान कॉलेजातल्या मुलाचा. तुम्ही मान वर न करताच म्हणालात, "नेटवर काय, कोणीही काहीही चढवतं. काढ तो."

"मॅडम, वाचून तरी बघा. त्याने आकडे दिलेत."

"मला शिकवू नकोस. गाळ ओव्हनमध्येच वाळवा म्हणणारा पेपर ज्यांचा आहे ना, त्यांना मी चांगली ओळखते."

मी काढला. गाळ ओव्हनमध्येच वाळवला.

प्रबंध देण्याआधी विभागात सादरीकरण झालं, तेव्हा बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी नेमकं तेच विचारलं. "पारा इतका कमी कसा? तो मराठवाड्यातला प्रबंध पाहिला नाहीत?" मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही हसत म्हणालात, "मी सांगत होते हिला, नेटवर जरा नीट शोध. आजकालच्या मुलांना कष्टच नकोत." सगळे हसले. पुन्हा नाल्यावर जाऊन नमुने काढण्यात माझं वर्ष गेलं. त्याच वर्षात तुम्ही गेलात आणि भांडायचं राहिलं.

आता माझे विद्यार्थी नेटवर पहिलं दिसेल ते उचलतात, नाहीतर एआयला विचारतात. "मॅम, वरच आलं होतं ना!" मी ओरडते, पण मनात राग राहत नाही. त्यांना खरं काय ते माहीत नसतं, एवढंच. तुमच्यासमोर मात्र मी ते ठेवलं होतं. ओळखीपायी तुम्ही ते बाजूला सारलंत आणि दोष माझ्यावर ढकललात. मी ते माफ केलेलं नाही, करणारही नाही.

वेबसाइटवाल्यांना कळवते, जमणार नाही म्हणून. हेही कुठे जाणार नाही. माझा प्रबंध आता नेटवर आहे आणि त्या पानावर मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव आहे. काही काम नसताना कधीकधी मी ते पान उघडते. तुमच्या नावापर्यंत वाचते आणि बंद करते.