यादीतली सही

तिनागो, ३ डिसेंबर १९८८

चि. एलिसेओस, तुझ्या थोरल्या बहिणीचा, मानांग पुरिसिमाचा आशीर्वाद, रागासकट.

काल तुझी रेडिओवरची बातमी ऐकली. म्हणे तिनागोत वादळानंतर छपराचे पत्रे अगदी न्यायाने वाटले, एकाचीही तक्रार नाही! मेल्या, विचारलंस कुणाला? जीपनीतून उतरलास तो थेट गावच्या कप्तानाच्या ओसरीवर. त्या गावप्रमुख गौदेन्सिओकडचं भाजलेलं डुक्कर खाल्लंस, यादी पाहिलीस, निघालास. शंभर पावलांवर तुझी आई ताडपत्रीखाली खोकत बसली होती. पोरगा येईल म्हणून भात झाकून ठेवला होता तिने.

पत्रे कुठे आहेत सांगू? कप्तानाच्या भाच्याच्या कोंबड्यांच्या झुंजीच्या आवारावर. लखलखतायत नुसते. मान वर केली असतीस तरी दिसले असते.

आई म्हणते, रागावू नको, मोठा माणूस झालाय. मी म्हटलं, म्हणून तर रागावते.

उत्तर धाड.

तुझी, अजून तरी तुझी,
मानांग

शहर, ७ डिसेंबर

ती. मानांगला सा. न.

यादीत आईचं नाव होतं. पुढे सहीसुद्धा होती, छान वळणदार. म्हणून मिळाले असं धरलं. शिवाय अठरा तारखेला लिनाच्या बाप्तिस्म्याला कप्तानच धर्मपिता म्हणून उभा राहतोय. मुलीच्या धर्मपित्याकडे पुरावे मागू? लोक शेण घालतील तोंडात. पुढल्या खेपेला नक्की बघतो. आईला जप, माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

एलिसेओ

तिनागो, १० डिसेंबर

चि. एलिसेओस,

वळणदार सही? आईची? गाढवा, तुझ्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं कुणाचा अंगठा होता? मी तिसरीत शाळा सोडली, तू कॉलेजात गेलास, आणि एवढं कळू नये?

कचेरीत जाऊन मी यादी मागितली. कप्तान हसला. म्हणाला, तुझ्याच भावाने रेडिओवर सांगितलं ना सगळं न्यायाने झालं, आता कसली यादी? बघ, त्याच्या दाराला कडी तूच लावलीस.

अठराच्या आत त्याच रेडिओवर सांग की मी कप्तानाच्या घरी जेवलो आणि आईला विचारलं नाही. तेवढंच सांग. नाही जमलं तर बाप्तिस्म्याला माझी वाट बघू नकोस.

काल परत पाऊस झाला. आईने पांघरूण भिजू दिलं. रेडिओ तेवढा पोटाशी धरून बसली होती. तू बोलत होतास.

लोभ ठेवायचा का नाही, तू ठरव.

मानांग