विष पचवणारी माती

कटक, ऑगस्ट १९७४

प्रिय पुंजादादा, जयभीम.

मी बरी आहे. इथला भात आता मले मानवते. मायचा खोकला कसा आहे?

काल प्रयोगशाळेत पेढे वाटले. दरसाल कीडनाशक फवारलेल्या शेतातल्या मातीचे जंतू आता ते विषच खाऊन राह्यले. पिढ्यान् पिढ्या बदलत त्यांच्या अंगात विष तोडणारा रस तयार झाला. सर म्हणाले, "भागिरथा, तोंड गोड कर." मी पेढा तसाच ठेवून देल्ला. हेच औषध दौलतराव मालकाच्या वावरात पऱ्हाटीवर मारताना आपले बाबा गेले. जंतूची पिढी काही तासांत बदलते, दादा. बाबाले तेवढा वेळ कुठं होता?

आता दौलतरावानं फवाऱ्याचा पंप तुले देल्ला, असं मायनं कळवलं. तो वापस कर. काहून म्हणून इचारलं तर सांग, भागिरथा नाही म्हणते.

तुही बहीण,
भागिरथा