चेंडू बाहेरून गेला

१ सप्टेंबर १९३७, बुधवार. लोणावळा.
आजपासून रोजनिशी. वय बेचाळीस. पुढेमागे मुंबईच्या मोठ्या सामन्यांवर रेफरी म्हणून बोलावणं आलं तर आठवणी लिहायला हाताशी काही असावं.
संकल्प: रोज पहाटे मैदानाला सहा फेऱ्या. नियमांचं पुस्तक पाठ. निःपक्षपातीपणा आणखी वाढवणे. (आहेच. तरी.)
दर सप्टेंबरात पुण्याची कॉलेजं फुटबॉलची ढाल खेळायला इथे येतात. अकरा वर्षं शिटी माझ्याच तोंडात. बाकी वर्षभर रेल्वेच्या मालधक्क्यावर गुड्स क्लार्क. अकरा वर्षांत ढाल दोनच घरी गेली, एक कॅम्पातलं कॉलेज आणि एक आमचं जुनं कॉलेज. आमचं म्हणजे मी तिथे दोन वर्षं होतो. पुढे इंटरचं आणि माझं पटलं नाही.

२ सप्टेंबर
पाऊस. फेऱ्या उद्यापासून.

३ सप्टेंबर
पाऊस नव्हता. पण मैदान ओलं. घसरून पाय मोडला तर स्पर्धेचं काय होईल?

४ सप्टेंबर, शनिवार
सकाळी गफूरच्या दुकानात चहा. पंधरा वर्षांचा नेम आहे. गफूर घोड्यांचे लगाम, खोगिरं शिवतो, आणि ढालीचे चेंडूही तोच शिवतो. मी मैदानावर जे बोलेन ते त्याला वेदवाक्य. आज एका टांगेवाल्याला सांगत होता, महिपतभाऊ बोलले म्हंजी झालं, मग देव जरी खाली आला तरी त्यात बदल न्हाई. मी नको नको म्हटलं. पुरेसं हळू म्हटलं.
त्याचा युनूस यंदा नव्या कॉलेजाकडून लेफ्ट आउट खेळतोय. याच गल्लीत चिंध्यांच्या चेंडूवर मी त्याला डावा पाय वापरायला शिकवलं. मी आमच्या कॉलेजात जा म्हटलं होतं. तिथे फी माफ होईना. चार वर्षांपूर्वी निघालेल्या त्या नव्या कॉलेजानं केली, तर गेला तिकडे. मी मनाला लावून घेतलं नाही. फक्त आठ दिवस चहाला गेलो नाही.

५ सप्टेंबर
ही म्हणते, चष्मा घ्या. म्हणे काल वळवणच्या रस्त्यावर तुमी मैलाच्या दगडाला रामराम घातला, दोन बायका हसल्या. मी म्हणालो, रामराम घातल्यानं कुणाचं नुकसान झालं? वराळ्याच्या, म्हणजे हिच्या माहेरच्या, माणसांना उत्तर दिलं की ती गप्प बसतात असा माझा समज होता. ही म्हणाली, त्या दगडानं तरी परत घातला का?
नजर उत्तम आहे. हवाच धुरकट.

८ सप्टेंबर
पहिली फेरी. शेतकीच्या पोरांनी कॅम्पातल्या कॉलेजाला तीन शून्यानं हरवलं. अपघात.

१२ सप्टेंबर
नव्या कॉलेजानं गेल्या वर्षीच्या उपविजेत्यांना लोळवलं. उंच टोले नाहीत, धडका नाहीत. लग्नाच्या बैठकीत पानाचं तबक फिरतं तसा चेंडू जमिनीवरून एकमेकांकडे सरकवत नेतात. याला काय फुटबॉल म्हणायचं? अपघात क्रमांक दोन.

१५ सप्टेंबर
आमचं कॉलेज आणि कुठलंसं कॉमर्स कॉलेज: बरोबरी. पुन्हा खेळवावं लागलं. शेवटी कॉमर्सच्या बॅकनं स्वतःच्याच गोलात चेंडू मारला आणि आम्ही जिंकलो. विजय तो विजय.
पण मन खट्टू झालं. ऊठसूट कोणीही कोणालाही हरवतं, मग थोरामोठ्यांनी थोर राहायचं कसं? गफूरला हे बोललो. तो म्हणाला, भाऊ, चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. समदी एका पंगतीत बसली तर काय बिघडलं? मी म्हटलं, ढाल म्हणजे पंगत नव्हे. तो हसला आणि माझ्या बशीत आणखी चहा ओतला.

१९ सप्टेंबर, रविवार
उपांत्य सामने. नव्या कॉलेजाचे दोन गोल. दोन्ही युनूसचे, दोन्ही डाव्या पायानं. गोलामागे हवेचा पंप घेऊन उभा असलेला गफूर चक्क रडला. मलाही भरून आलं होतं, पण रेफरीनं रडू नये असा नियम असावा. पुस्तकात पाहतो. (पुस्तक सापडत नाही.)
अंतिम सामना: आमचं कॉलेज विरुद्ध नवं कॉलेज.

२५ सप्टेंबर
कमिटीचे सेक्रेटरी दत्तोबा म्हणाले, तुम्ही जुन्या कॉलेजाचे, उद्या पुण्याहून दुसरा रेफरी आणू का? मला! अकरा वर्षांनंतर! मी काही बोलायच्या आत गफूर म्हणाला, भाऊंनी शिटी नाय वाजवली तर माजा चेंडू मैदानात यायचा न्हाई. स्वतःचा मुलगा समोरच्या बाजूला खेळतोय आणि हा माझ्यासाठी भांडतो. दत्तोबा वरमले.
उद्या असा निवाडा करीन की लोक नाव काढतील.

२६ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी सात.
कोट अजून अंगातून काढलेला नाही. थंडीमुळे.
दुपारी धुकं उतरलं. गोलांना जाळी नव्हती, गोदामात उंदरांनी खाल्ली. दत्तोबा म्हणाले सामना पुढे ढकलू. मी म्हणालो, मला इथून राजमाचीसुद्धा दिसते.
आमच्या कॉलेजाचा एक गोल पहिल्या अर्ध्यातच. सुरेख टोला, अगदी जुन्या पद्धतीचा. मग शेवटची पाच मिनिटं. नव्यांनी तबक फिरवत फिरवत चेंडू डाव्या बगलेला नेला, युनूसनं लांबून मारला. मी बराच मागे होतो. चेंडू धुक्यात शिरला, खांबाच्या बाजूनं गेला, मग थप्प असा आवाज झाला. मी हात हलवला. गोल नाही.
युनूस धावत आला, काका, गोल! आत गेला, काका! मी म्हटलं, बाहेरून. मग नव्या कॉलेजाची पोरं आणि बाजारातली शंभरेक माणसं मैदानात घुसली. कुणी माझी कॉलर धरली. कुणी ओरडलं, जुन्या कॉलेजाचा दलाल. टोपी गेली. अंगाला हात लागणार एवढ्यात गफूर गर्दीतून आला आणि मध्ये उभा राहिला. म्हणाला, म्या गोलामागं हुतो. चेंडू बाहेरनं गेला. भाऊ खरं बोलत्यात.
सगळे थांबले. गोल मारणाऱ्याचा बापच सांगतो म्हटल्यावर माझी कॉलर सुटली. युनूस बापाकडे बघत राहिला. मग मधल्या रेषेवर जाऊन बसला आणि त्याला उठवावं लागलं.
ढाल आमच्याकडे. अपघातांची मालिका संपली.

२७ सप्टेंबर
निवाडा अचूक होता. मी मुळात पाहिलं होतं, आणि वर साक्ष. तीही सख्ख्या बापाची!
ही म्हणाली, तुमाला खरंच दिसलं व्हतं का? मी जेवणावरून उठलो. अर्ध्या तासानं परत बसलो.

२८ सप्टेंबर
गफूर उजव्या पायानं लंगडतोय. वाताचं असणार. निर्गुडीचा पाला बांधायला सांगितलं. बरं म्हणाला. आज चहा कमी गोड होता, किंवा मला वाटलं.

१० ऑक्टोबर
सहामाहीच्या सुट्टीला युनूस आला असं ऐकलं. माझ्याकडे आला नाही. दर सुट्टीला पहिल्या दिवशी यायचा. अभ्यास असेल.

१४ ऑक्टोबर
युनूसनं फुटबॉल सोडला. गफूरनंच सांगितलं, खोगिराचा टाका घालता घालता, मान वर न करता. मी म्हटलं, चांगलं झालं, परीक्षा महत्त्वाची, मी फुटबॉलपायी इंटर घालवली. गफूर म्हणाला, व्हय भाऊ. पूर्वी तो अशा वेळी वाद घालायचा.

३ नोव्हेंबर
मालधक्क्यावर किरकोळ घोटाळा. तळेगावला जाणारी मिठाची वॅगन कर्जतला गेली आणि कर्जतची रिकामी पिंपं तळेगावला. इंग्रजी तिनाचा आकडा आठासारखा लिहिणाऱ्याचा दोष. साहेबांनी तो आकडा चार क्लार्कांना वाचायला लावला. चौघांनी तीन वाचला. चष्म्याशिवाय कामावर येऊ नये असा लेखी हुकूम.

१६ नोव्हेंबर
पुण्याहून चष्मा आणला. फक्त साहेबांच्या समाधानासाठी.
झाडांना पानं सुटी सुटी असतात. विसरलो होतो. हिच्या कपाळाजवळ पांढरे केस आहेत. कधी झाले विचारलं तर म्हणाली, चार वरसं झाली.

१७ नोव्हेंबर
ऑफिसातून येताना मैदानावर गेलो. त्या दिवशी जिथे उभा होतो तिथे उभा राहिलो. चष्मा लावून खांब दिसला, खांबावरची भेग दिसली, भेगेतला सरडा दिसला. चष्मा काढला.
खांबच दिसेना. धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं.

१८ नोव्हेंबर
ऑफिसला गेलो नाही. पोट बिघडलं असं कळवलं.
खांबच दिसत नव्हता तर चेंडू खांबाच्या कुठल्या बाजूनं गेला हे मला कसं दिसलं? मला दिसलं नव्हतं. बाहेरून जावा असं मला वाटत होतं. युनूसनं चेंडू मारला तेव्हा माझ्या मनात आलं होतं, नको. एवढंच आलं होतं. ते मी लिहिलं नव्हतं, आज लिहितो.
पण गफूरनं पाहिलं होतं. तो जवळ होता. त्याची नजर सुईच्या नेढ्यात पहिल्या फटक्यात दोरा घालते. त्यानं बाहेर म्हटलं म्हणजे बाहेरच. देवा, बाहेरच असू दे.

२ डिसेंबर
चौदा दिवस तीच उजळणी. गोलाबाहेर थप्प असा आवाज यायला होतं काय? गवतच आहे. आत, खांबांमध्ये बरोबर मागे, गफूर उभा होता. आणि दोनच दिवसांनी तो उजव्या पायानं लंगडत होता.

४ डिसेंबर
ठरवलं. दत्तोबांना आणि नव्या कॉलेजाच्या प्रिन्सिपॉलांना पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं. पहिल्या तीनमध्ये धुक्याबद्दल फार होतं. चौथ्यात सहा ओळी आहेत: चेंडू मला दिसला नाही, तरी मी निर्णय दिला, गोल होता असं मी आता मानतो, ढाल दोन्ही कॉलेजांना निम्मं निम्मं वर्ष द्यावी, गोल युनूस गफूर यांच्या नावे लिहावा, यापुढे मी शिटी वाजवणार नाही. उद्या ईद आहे. आधी गफूरला वाचून दाखवीन, मग टपालात.
बऱ्याच दिवसांनी झोप येईल असं वाटतं.

५ डिसेंबर, रविवार. ईद.
दुपारी गेलो. दुकानाच्या ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मी पत्र वाचलं. सहाच्या सहा ओळी.
गफूर म्हणाला, म्हाईत हाय भाऊ. माज्या गुडघ्यावरच येऊन बसला चेंडू. मी म्हटलं, मग तू तसं का बोललास? म्हणाला, तुमची टोपी पायदळी गेलती, भाऊ. अजून घटकाभर ग्येली असती तर त्यांनी तुमाला लोळवला असता. पंधरा वरसं मी सांगत आलो, भाऊ बोलले म्हंजी झालं. मग त्या टायमाला काय सांगू?
मी म्हटलं, आता तरी खरं सांगू दे. त्यानं पत्र माझ्या हातातून घेतलं. त्याला वाचता येत नाही, तरी बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, पोरानं मला त्या रातीला इचारलं, अब्बा, खरं सांगा. म्या म्हणालो, बाहेरनं गेला. त्यानं माझं खरं मानलं. आपल्या डोळ्यांचं न्हाई मानलं, माझं मानलं. कॉलेजात जाऊन समद्या पोरांची माफी मागितली त्यानं, उगाच दंगा केला म्हणून. खेळ सोडला तो त्याच लाजेनं. आता ह्यो कागद गेला तर त्याला कळंल, बाप तोंडावर खोटं बोलला. भाऊ, त्याचा गोल गेला तो गेला. बाप तरी ऱ्हाऊ द्या.
त्यानं पत्राची घडी केली आणि माझ्या कोटाच्या खिशात परत ठेवली.
तेवढ्यात आतून युनूस शीरखुर्म्याच्या वाट्या घेऊन आला. त्याच्या आईनं, हसिनाभाभींनी, पाठवल्या असाव्यात. किती मोठा दिसायला लागलाय. वाटी माझ्या हातात दिली आणि तिथेच उभा राहिला. म्हणाला, काका, सप्टेंबरात मी तुमच्याशी उलट बोललो. तुमच्या अंगावर माणसं आली ती माझ्या ओरडण्यानं. यायला तोंड नव्हतं म्हणून सुट्टीत आलो नाही. मला माफ करा.
गफूर वाटीकडे बघत होता. मी म्हणालो, असू दे बाळ, खेळात होतं असं. मग त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला आणि मी त्याला लावू दिला.