सहीखालची तारीख

२७ नोव्हेंबर

प्रिय हिल्लेताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकताना पाठीत कळ येते, पण ते तुझ्या मानापुढं काही नाही.) तुझा डावा गुडघा आता कसा आहे? मागच्या पत्रात तू उजवा लिहिला होतास, पण पडलीस ती डाव्यावर, मी तिथंच उभा होतो. बेरेंडभावोजी, त्यांच्या एकतीस गाई आणि बांधापलीकडचं पाणी हे सगळे आपापल्या जागी असतील असं धरून चालतो. माझी प्रकृती उत्तम. वजन एक्क्याऐंशी किलो, बुटांसकट.

भावोजी अजूनही डेअरीत ‘आमचा रंगारी मेहुणा वकिली शिकायला गेलाय’ असं सांगून हशा पिकवतात, हे कानावर आलं. त्यांना सांग, की ज्या विद्यापीठाच्या भिंती मी एकोणीस वर्षं रंगवल्या, त्याच विद्यापीठात गेली तीन वर्षं मी कायदा शिकतोय, आणि तोही इंग्रजीतून, आणि इंग्रजी मी कुणाकडे शिकवणी न लावता रंगाच्या डब्यांवरच्या सूचना वाचून शिकलोय. माझ्या गटात आम्ही अकरा जण आठ देशांचे आहोत. प्राध्यापक शिकवत नाहीत, नुसतं एक प्रकरण टेबलावर टाकतात (एका देशाचं जहाज, दुसऱ्या देशाचा माल, तिसऱ्या देशाच्या किनाऱ्यावर बुडालं) आणि आपण गप्प बसतात. मग अकरा जण आठ तऱ्हेच्या इंग्रजीत भांडतात. माझ्याएवढं बारीक वाचून कुणी येत नाही, हे मी म्हणत नाही, गट म्हणतो, आणि कौतुकानं म्हणत नाही. आता उरली फक्त शेवटची तोंडी परीक्षा. जूनमध्ये तिच्यात माझी जीभ टाळ्याला चिकटली होती ते तुला ठाऊक आहे. ही दुसरी संधी आहे आणि तिसरी मिळत नाही.

तर आता मूळ गोष्ट. परीक्षेच्या दालनाशेजारी एक लहानशी खोली आहे, उमेदवारांनी घाम पुसत थांबायची. पास झालं की परत त्या खोलीत यायचं आणि भिंतीवर सही करायची. दोनशे वर्षांच्या सह्या आहेत, न्यायाधीशांच्या, मंत्र्यांच्या, पुढं तुरुंगात गेलेल्या दोघांच्यासुद्धा. पास व्हायच्या आधी जो सही करतो तो कधीच पास होत नाही, असं तिथं पक्कं मानतात. कुणी नुसती पेन्सिल काढली तरी तेर होर्स्टबाई ओरडतात. (या बाई समारंभात चांदीचा दंड घेऊन मिरवणुकीपुढं चालतात, आणि बोलणाऱ्याची पाऊण तासाची वेळ संपली की तो दंड आपटून त्याला वाक्याच्या मध्यात गप्प करतात. त्यांच्याशी कॉफीच्या वेळीही मी आटोपशीर बोलतो.) त्या भिंतीची निगा माझ्याकडे. ओल आली की गिलावा मीच भरतो, त्यामुळं तिथल्या चार हजार एकशे बारा सह्या मी माझ्या बोटांसारख्या ओळखतो.

४ नोव्हेंबरला, मंगळवारी, सकाळी सव्वाअकराला मी ओल मोजायला आत गेलो. बाहेर धुकं इतकं दाट होतं, की खिडकीची काच कुणीतरी दुधानं पुसल्यासारखी दिसत होती. तिथलं समारंभाच्या टोप्यांचं कपाट सरकवलं आणि मागं, गुडघ्याच्या उंचीवर, चार हजार एकशे तेरावी सही दिसली. एच. डॉर्नबॉस. शेवटच्या अक्षराची शेपटी माझ्यासारखीच खाली वळलेली. लांबी सहा सेंटिमीटर आणि चार मिलिमीटर, जी माझ्या सहीची असते. रंग मधासारखा, पिवळट-तपकिरी. आणि तिच्याखाली, जांभळ्या शाईत, १७ फेब्रुवारी, पुढच्या वर्षाची. तारखेखाली दोन रेघा, दुसरी आखूड. मी सहीवर बोट फिरवलं, कोरडी. तारखेवर फिरवलं, बोट जांभळं झालं.

ताई, ती सही मी केलेली नाही, हे तुला शपथेवर सांगतो. (शपथेवर सांगणं म्हणजे काय हे मी आता शिकलोय, तेव्हा हलक्यात घेऊ नकोस.)

साहजिकच मी गटातल्या पोरांवर संशय घेतला. कँटीनमध्ये घानाचा क्वाबेना आणि रुमानियाची रुक्सांद्रा माझ्याच टेबलावर बसतात. मी माझी राय धान्याच्या पावाची पुडी उघडली आणि उलटतपासणी सुरू केली. क्वाबेना म्हणाला, “काका, तुमची सही मला आली असती तर हजेरीच्या कागदावर केली नसती का? भिंतीवर कशाला?” रुक्सांद्रा म्हणाली, “जांभळी शाई वापरतं कोण आता? माझी पणजी?” हे बोलून ती हसली, आणि माझं बोट बघून हसायची थांबली. धुतलं नाही का, म्हणाली. मी तीन वेळा धुतलं होतं. मग क्वाबेनानं हळूच विचारलं, “काका, तुमच्या घरचं कोण वारलंय?” मी म्हटलं, पुराव्याशी संबंध नसलेला प्रश्न आहे. तो म्हणाला, “बरं, पण खुर्ची जरा सरकवा. तुमच्या मागं उभं राहायला जागा ठेवा.” त्या दिवसापासून पोरगा माझ्या मागच्या खुर्चीवर कुणाला बसू देत नाही. रिकामीच ठेवतो. डब्यातला भात वाढायच्या आधी त्या खुर्चीकडं बघून मान लववतो.

मी रंगारी आहे, तेव्हा रंगाऱ्यानं करायचं ते केलं. चुन्याचे तीन हात दिले. तिसऱ्या दिवशी नाव वर आलं. तारखेला तर वर यावंच लागलं नाही, चुना तिच्यावर बसलाच नाही, पानावरच्या पाण्यासारखा बाजूला सरला. किल्लीची वही पाहिली. माझ्या आणि तेर होर्स्टबाईंच्या नावाखेरीज एकही नोंद नाही. बाईंना विचारलं, कपाटामागं कुणी गेलं होतं का? त्या म्हणाल्या, “मंगळवारी तुमच्याबरोबर आत गेल्या होत्या त्या म्हाताऱ्या बाई कोण? डोक्याला रुमाल बांधलेल्या. त्यांना सांगा, पुढच्या वेळी वहीत सही करायची.” मी एकटाच गेलो होतो, ताई. मी बाईंना म्हटलं, सांगतो.

गेल्या आठवड्यात, सोमवारी, तोंडी परीक्षांचं वेळापत्रक लागलं. मी माझं नाव शोधलं नाही, आधी तारीख शोधली. १७ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा, एच. डॉर्नबॉस.

आता कायद्यानं विचार केला तर दोन बाजू आहेत. पहिली: सही आहे, तारीख आहे, म्हणजे मी पास झालोय आणि नुसतं जाऊन यायचं. दुसरी: पास व्हायच्या आधी सही झालीय, म्हणजे मी कधीच होणार नाही. दोन्ही बाजू मी लेखी मांडल्या, चौदा पानं झाली, आणि त्यात आठ दिवस अभ्यास बुडाला. पुस्तक उघडलं की जहाज बुडतं त्या ओळीपुढं डोळा सरकत नाही. तीन वर्षं गेली, ताई. पुन्हा जीभ चिकटली तर उरलेलं आयुष्य मी दुसऱ्यांच्या सह्या जपत काढणार. भावोजींना यातलं काही सांगू नकोस.

मोठ्यांना नमस्कार, गाईंना वैरण.

तुझा,
हार्मेन

ता. क. तळघरात आईच्या हातच्या आलुबुखाऱ्याच्या मुरंब्याची शेवटची बरणी असेल, ती जपून पाठव. मुरंबा तू ठेवलास तरी चालेल, मला वरची चिठ्ठी हवी आहे. आठवतं ना, मुरंबा नीट जमला तरच आई बरणीवर तारीख घालायची, बिघडला तर कोरी चिठ्ठी. शाळेत ती माझी बाई होती, तिथंही तसंच. मी वहीवर तारीख घालायला कायम विसरायचो (आजही विसरतो, एवढा काटेकोर माणूस असून), आणि पान बरोबर असेल तरच ती खाली जांभळ्या शाईत स्वतः घालायची, दोन रेघा ओढून. दुसरी रेघ आखूड होती की मला तसं वाटतंय, ते ताडून बघायचंय. आईला जाऊन अकरा वर्षं झाली, डोळ्यांपुढचं पुसट होतं.

आणखी ता. क. वर शपथेवर सांगितलं ते खोटं आहे. सही मीच केली. जूनमध्ये नापास झाल्यावर गिलावा भरायला म्हणून गेलो, आणि जवसाच्या तेलात बोट बुडवून कपाटामागं नाव लिहिलं. नुसतं कसं दिसतं ते बघायला. तेल तेव्हा दिसत नाही, पण अंधारात महिनोन्‌महिने राहिलं की पिवळं पडतं आणि चुन्यातूनही वर येतं, हे दुसऱ्या कुणाला नाही तरी मला ठाऊक असायला हवं होतं. एकोणीस वर्षं पोरांना दटावत आलो आणि नियम मीच मोडला. पण ताई, मी फक्त नाव लिहिलं होतं. तारीख घालायला विसरलो होतो.

शेवटचा ता. क. हे पत्र टेबलावर ठेवून सूप गरम करायला गेलो होतो, आता पाकिटात घालतोय. वर उजव्या कोपऱ्यात बघ. मी या पत्रावरही तारीख घातली नव्हती, आणि माझ्या घरात काळ्याखेरीज शाई नाही. बरणी सावकाश पाठव, घाई नाही. मी अभ्यासाला बसतो.